अकराव्याची जागा

जामसंड्याच्या शिक्षिका नर्मदाबाई शनिवारी शाळा सुटल्यावर दुपारच्या एसटीने कुणकेश्वरला गेल्या, त्या एका सहीपुरत्या. हातात छत्री, पिशवीत शाईचं पेन. बॉलपेनवर त्यांचा विश्वास नव्हता. बापाच्या नावाखाली सही करायची तर ती शाईनेच, हे त्यांनी दाखला मागणारं पत्र आलं तेव्हाच ठरवलं होतं.

बाप म्हणजे गंगाराम. गावच्या भिंतींना चुना लावायचा, म्हणून उभा जन्म लोकांनी त्याला 'चुन्याचो गंगाराम' म्हटलं. पण ओल्या चुन्यात रंग भरून तो जी चित्रं काढायचा, ती कुणाच्या बापाला जमली नसती. बासष्ट साली अकरा खलाशांचं गलबत बुडालं आणि एकाचाही देह किनाऱ्याला लागला नाही. समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाला कुणकेश्वरच्या धर्मशाळेच्या भिंतीवर चित्रात जागा द्यायची, अशी तिथली रीत. मात्र घरच्यांनी 'गेला' म्हटल्याशिवाय नाही.

त्या अकरांतल्या महादूच्या आईने, जानकीने, ते म्हटलं नाही. "माझो झील येतलो. त्येका भिंतीर घालू नको," एवढंच ती बोलली. गंगारामाने दहाजण काढले आणि वल्ह्यापाशी अकराव्याची जागा कोरी सोडली. काम पुरं झालं की ओल्या चुन्यात डावा अंगठा दाबायचा, ही त्याची सही. कोयत्याच्या जुन्या घावाची आडवी चीर असलेला अंगठा, कुठेही ओळखू यावा असा. त्या भिंतीवर मात्र तो त्याने दाबला नाही. "जानकी सांगात त्या दिवशी पुरा करतलंय," असं त्याने लेकीला सांगितलं, आणि तेरा वर्षांनी ते काम तसंच ठेवून तो वारला.

आता पंच्याऐंशी साली रस्ता रुंद करायला धर्मशाळा पाडायची होती. भिंतीवरचं चित्र पंचायतीने मुंबईच्या हरिश्चंद्र रेग्यांना विकलं. रेगे जुन्या चित्रांचे व्यापारी. चित्र गंगारामाचंच, असा लेकीचा दाखला मिळाला तर ते मुंबईत एका मोठ्या घरी जाणार होतं. नाही मिळाला तर डबरात. नर्मदाबाईंना त्या पैशातला एक पैसा नको होता. बापाला एकदा तरी कुणीतरी कागदावर चित्रकार म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

रेगे खोबऱ्याच्या वखारीत थांबले होते. भिंतीवर सरस लावून कापड चिकटवायचं, सुकलं की हलकेच ओढायचं, म्हणजे दुधावरची साय निघावी तसं चित्र निघतं. ते आता एका फळीवर उभं केलेलं होतं. खवट खोबरं आणि सरस यांच्या वासाने वखार कोंदली होती. दुपार असून आत दिवा लावलेला.

"बाई, आधी हा फोटो बघा. डिसेंबरात मीच काढलेला," रेगे हळूच म्हणाले.

फोटोत दहा खलाशी होते.

"आता हे बघा."

फळीवर अकरा होते. वल्ह्यापाशी एक पोर बसलं होतं, किनाऱ्याकडे तोंड करून.

"आम्ही ब्रश लावलेला नाही हो, देवाशपथ. सोमवारी कापड चिकटवलं, गुरुवारी ओढलं, फळीवर घेऊन कापड धुऊन काढलं... आणि हा."

नर्मदाबाई तापल्या. बापाच्या कामात कुणी हात घातला? रुमाल ओला करून त्यांनी त्या पोरावर खसाखसा घासला. मागून लावलेला रंग सुटतो. ओल्या चुन्याने प्यालेला सुटत नाही. रुमाल पांढराच राहिला. मग त्यांनी दिवा जवळ नेला आणि पोराची डावी भुवई पाहिली. एका फटकाऱ्यात काढलेली होती, कुठे थांबलेली नाही, थरथरलेली नाही.

"असो फटकारो दुसऱ्या कोणाचो नाय," त्या म्हणाल्या. शाळेतली भाषा त्या साफ विसरल्या होत्या. "बाबांचो हात आसा. आणि हो पोरगो महादू."

"पण तुमचे वडील तर..."

नर्मदाबाईंना जानकी आठवली. गेल्या रविवारी त्या जानकीच्या उशाशी बसल्या होत्या. प्राण जाण्याआधी म्हातारी आढ्याकडे बघत म्हणाली होती, "आता काढा रे त्येका... थकलंय मी." ते कुणाला म्हणाली, हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं.

नर्मदाबाईंना ते आता कळलं. दिलेला शब्द असा पाळणारा माणूस आपला बाप होता. त्यांनी चित्राचे चारही कोपरे तपासले. अंगठा कुठेच नव्हता. मग त्या टेबलाशी बसल्या आणि लिहिलं : हात वडिलांचा, काम अपुरं.

"अपुरं?" रेगे कळवळले. "अहो, मग घेणार कोण? नुसतं 'गंगारामाचं काम' लिहा ना."

"अंगठ्याशिवाय ते स्वतः काम पुरं म्हणत नसत. खोटं लिहून बापाचं नाव मोठं करायची वेळ माझ्यावर आलेली नाही," असं म्हणून त्या चित्राकडे वळल्या. आवाज आपसूक खाली आला. "बाबा... अंगठो खंय?"

बाहेर समुद्राची गाज होती, ती ऐकू येईनाशी झाली. वखारीच्या कोपऱ्यातून घसर... घसर... असं काही येऊ लागलं. करवंटीत कुंचला फिरवताना येतो तसा आवाज.

"उंदीर... उंदीर असतील, बाई."

"उंदीर चुना कालवत नाहीत."

खोबऱ्याच्या वासातून ताज्या, ओल्या चुन्याचा वास वर आला. लहानपणी बाप जेवायला बसला की त्याच्या हातांना यायचा, तोच. मग आवाज थांबला. रेग्यांनी दिवा उचलला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यापाशी धरला. मघाशी तिथे काही नव्हतं. आता पांढराशुभ्र ठसा होता, मधोमध आडवी चीर पडलेला.

नर्मदाबाईंनी पहिला कागद फाडला. नव्या कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं : चित्रकार गंगाराम यांचं काम, पूर्ण. खाली सही केली आणि आजची तारीख घातली.

रेग्यांनी ती तारीख दोनदा वाचली. "बाई... वडील वारले कधी?"

"पंच्याहत्तर साली," नर्मदाबाई म्हणाल्या आणि छत्री उचलून ताठ मानेने एसटीकडे निघाल्या. "फळी आज हलवू नका. अंगठा अजून ओला आहे."