एक तांबडी ओळ

दिव्याच्या अवसेची पूजा झाली होती. पाटावरच्या समया अजून तेवत होत्या, आणि मुलांच्या पानात कणकेचे दिवे. रक्षिताने तूप घातलेला दिवा मोडला, तसे मामंजी म्हणाले, "सावकाश खा गं. यावरून आपल्या श्रीहर्षाचं आठवलं. गेल्या वर्षी, हीच रात्र."

श्रीहर्ष आईची, राजलक्ष्मीअक्कांची, औषधं आणायला निघाला होता. सकाळी अक्कांचं डायलिसिस. वाटेत एचएसआर लेआउटमधलं त्याचं ऑफिस. पाच मिनिटांचं काम म्हणून वर चढला.

त्याची कंपनी डायलिसिसच्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिते. प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी कोठी असते, तिला ती मुलं रेपो म्हणतात. असे शेकडो रेपो. एक सुधारणा सगळ्यांत घालायची होती. पहाटे ती दवाखान्यांतल्या यंत्रांत आपोआप उतरणार होती.

"हे काम आधी विश्वेश्वरचं," मामंजी म्हणाले. तो एकेक रेपो उघडायचा, वाचायचा, मगच पुढचा. घरोघर हळदीकुंकवाचं आवतण द्यायला निघालास का रे, असं बाकीचे चिडवायचे. तो हसून म्हणायचा, "स्वल्प थांब," म्हणजे जरा थांब. आणि या अवसेला त्याची आई गोदूबाई ऑफिसातल्या सगळ्यांना पुरतील एवढे कणकेचे दिवे डब्यात घालून द्यायची.

त्या अवसेआधीच्या शिमग्यात विश्वेश्वर तापाने गेला.

श्रीहर्षाला घाई. त्याने सगळ्या रेपोंना एकदमच हुकूम सोडला. पडद्यावर ओळी हिरव्या होऊ लागल्या. भराभर.

एक तांबडी राहिली.

नकार. देणाऱ्याचं नाव, विश्वेश्वर. खाली लिहिलेलं, 'स्वल्प थांब.'

त्याचं खातं तर केव्हाच बंद केलेलं... जुनं काहीतरी अडकलं असेल. श्रीहर्षाने पुन्हा दाबलं.

पुन्हा तेच.

त्या ऑफिसात कुणी हललं तरच दिवे लागतात. श्रीहर्षाच्या डोक्यावरचा तेवढा चालू होता. आता पार टोकाला एक लागला. विश्वेश्वरच्या टेबलावरचा.

"कोण आहे?"

मग अलीकडचा लागला. मग त्याच्या अलीकडचा. पाऊल वाजलं नाही. नुसता उजेड. जवळ येत होता.

पाठीमागे येऊन थांबला.

वळायची छाती होईना. डोळे समोर, त्या तांबड्या ओळीवर. काही सुचेना, म्हणून त्याने तो रेपो उघडला. वाचू लागला. ओळ... ओळ...

बाकी सगळीकडे वेळ सेकंदांत मोजलेली. या एकाच जुन्या यंत्रात मिनिटांत. रक्ताच्या नळीत हवा शिरली की तीन सेकंदांत घंटा वाजायला हवी. सुधारणेतला तीनचा आकडा इथे उतरला असता, तर ती तीन मिनिटांनी वाजली असती.

ऐकत बसलेला गिरीराज मामंजींकडे सरकला. "अण्णा, अक्का कुठल्या यंत्रावर..."

"त्याच."

समईची वात चरचरली. मी उठून तेल घातलं.

श्रीहर्षाने सुधारणा मागे घेतली. मागचा दिवा विझला. मग पलीकडचा. टोकाचा मात्र तसाच राहिला. घरी जायचं तर दार तिकडेच. तो भिंतीला धरून निघाला.

विश्वेश्वरचं टेबल कधीच रिकामं केलेलं. त्यावर कणकेचा एक दिवा होता. वात नुकतीच विझलेली. तूप ऊन.

"गोदूबाईंनी पाठवला असेल," रक्षिता हळूच म्हणाली.

मामंजींनी मान हलवली.

"माणूस गेल्यावर वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत, बाळ. गोदूबाईने त्या दिवशी कणीक भिजवलीच नव्हती."