तिसऱ्या वाटीतलं पाणी

कुत्री घेऊन, गाडीतच राहत फिरणार असाल, तर पाण्याची एक वाटी जास्तीची ठेवा. का, ते सांगते. खोटं वाटलं तर सोडून द्या. मी तिथे होते.

१९७९ साल. मे महिना. नागपूर.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती...

मुकुंदकाकांना मूलबाळ नव्हतं. काळू आणि राणी ही दोन कुत्रीच काका-काकूंची लेकरं. त्यांना मागे ठेवून कुठे जाववत नसे, म्हणून काकांनी नागपूरजवळच्या वाडीच्या एका गोदामातून जुनी व्हॅन घेतली. आत झोपायला दोन बाक, एक स्टोव्ह, झाकणाचा पाण्याचा ड्रम. खिडक्यांना जाळ्या आणि त्यांवर वाळ्याच्या ताट्या. आम्ही नागपूरकर, ताटी ओली केली की ऊन जिंकल्यासारखे वागतो.

कुत्र्यांच्या बाबतीत काका फार कडक. निघण्याआधी पोटभर खायला घालायचं नाही. साखळी लावल्याशिवाय दार उघडायचं नाही. गाडी थांबली की आधी कुत्र्यांना पाणी, मग माणसांना चहा. आणि बंद गाडीत त्यांना कधी म्हणजे कधीच सोडायचं नाही.

एकच गोष्ट काकांना जमली नव्हती. मागच्या बाकावर चांगली मऊ गादी होती, पण कुत्री तिच्यावर चढत नसत. खाली पत्र्यावर झोपत.

चिखलदऱ्याला निघालो त्याच दिवशी काकूची दाढ ठणकायला लागली. रामदासपेठेत दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना माडीवर; कुत्री वर नेऊ देईनात आणि काकूला धरायला आम्ही दोघंही हवे होतो. काकांनी गाडी कडुनिंबाखाली लावली, ताट्या भिजवल्या आणि दहा मिनिटांत येऊ म्हणत बाहेरून कुलूप ठोकलं.

वर वीज गेली. दाढ अर्धी निघालेली. डॉक्टरांनी मला टॉर्च धरायला लावला आणि काकू काकांचा हात सोडेना.

खाली आलो तेव्हा सावली सरकली होती. गाडी पूर्ण उन्हात उभी होती.

कुत्री भुंकत नव्हती...

मे महिन्याच्या झळांत ताटी किती लवकर वाळते, ते कोणत्याही नागपूरकराला विचारा. आम्हाला तास होऊन गेला होता. काकू तोंडात कापूस धरून रस्त्यातच रडायला लागली. काका धावले, पण घाईत किल्ली कुलुपात जाईना.

मी दाराला हात लावला.

पत्रा गार होता...

आतून आवाज येत होता. मग्ग्यानं पाणी मारल्याचा.

छप्प... मग थोडं थांबून... छप्प...

"नीला," काका हळू आवाजात म्हणाले, "तुले पण ऐकू येऊन राहिलं का वं?"

मी हो म्हटलं. कुलूप निघालं आणि आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं.

ताट्या निथळत होत्या. काळू आणि राणी चिंब भिजलेली, पण जिवंत होती. आमच्याकडे धावत यायचं सोडून दोघंही मागच्या रिकाम्या बाकाकडे बघत होती...

शेपट्या हलवत.

ड्रम सकाळी मीच काठोकाठ भरला होता. झाकणाची कडी लागलेलीच होती. उघडून पाहिलं तर आत थेंब नव्हता.

चिखलदरा राहिलं. काका तसेच मला घेऊन वाडीला गेले. गोदामवाले रुपराव आधी इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग म्हणाले, आधीच्या मालकाचा एक क्लीनर होता. दुपारचा मागच्या बाकावर झोपला होता. मालकानं न पाहता बाहेरून कुलूप लावलं आणि लग्नाला निघून गेला.

"लोकायनं हाका ऐकल्या होत्या," रुपराव खाली बघत म्हणाले. "पाणी मांगत होता. दुसऱ्याच्या गाडीचं कुलूप कोण तोडते?"

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर घेतली असती का गा तुम्ही?"

परत येताना काका रडत होते. मलाही रडू आलं. ज्याला कोणी घोटभर पाणी दिलं नाही, त्यानं आमच्या लेकरांसाठी अख्खा ड्रम रिकामा केला होता.

त्या दिवसापासून गाडी थांबली की काकू तिसरी वाटी भरून मागच्या बाकावर ठेवायची. कुत्री तिला तोंड लावत नसत. निघताना वाटी कोरडी असायची. काका म्हणत, उन्हानं आटली असेल. थंडीतही तेच म्हणत.

पुढे गाडी भंगारात गेली. काका-काकूही गेले. ती पितळी वाटी हुडकेश्वरला माझ्या घरी आली. मी ती रोज भरून खिडकीत ठेवते. मुलगा हसतो, हसू दे.

मागच्या डिसेंबरात मी तापानं फणफणले होते. वाटी भरायची राहिली. मुलगा कामावर गेलेला, घरात मी एकटी.

भर दुपारी खिडकीतून आवाज आला...

रिकामी वाटी दगडावर सरकवल्याचा.

या घरात आम्ही कुत्रं कधी पाळलंच नाही.

उठले, भिंतीला धरत गेले आणि वाटी भरली. ती भरेपर्यंत माझ्या मागे कोणीतरी श्वास रोखून उभं होतं. मी वळून पाहिलं नाही.