सायकलवाल्याच्या चित्राला हार

नयनाचं जावळ काढलं, त्या वर्षीची ही गोष्ट. सत्त्याहत्तर साल. यात पदरचा एक शब्द नाही. ज्या घरात घडली, त्या घरातूनच ऐकली आहे.

श्रीनिवास चंदीगडला सेक्टर तीसमध्ये सरकारी नोकरीत. बायको पद्मिनी, वर्षाची नयना आणि दोन खोल्यांचं क्वार्टर. आधीचं बिऱ्हाड बदलीवर जाताना भिंतीवर एक मोठं चित्र सोडून गेलं होतं. मावळतीच्या वेळचा शहरातला रस्ता. जवळ गेलं तर नुसते नारिंगी-जांभळे फराटे. चार पावलं मागे सरकलं की त्यातून झाडं उमटायची, दिवे उमटायचे, आणि घरी निघालेला एक सायकलवाला.

दसऱ्याला श्रीनिवासने सायकल धुतली, पुजली, झेंडूचा हार घातला. एक हार उरला.

"त्या चित्रातल्या सायकललाही घाल," तो म्हणाला. "तो मीच आहे. बघ, कसा वेळेवर घरी येतोय."

"तुम्ही कुठले वेळेवर," म्हणत पद्मिनीने चौकटीला हार चढवला.

शेजारच्या शैलजाकाकू सोनं द्यायला आल्या, त्या दारातच थबकल्या.

"अगं, माणसाच्या तसबिरीला हार? कुणाच्या तसबिरीला घालतात, ठाऊक आहे ना? काढ आधी."

"काकू, माणूस कुठंय त्यात? जवळून बघा की. नुसता रंग."

हार तसाच राहिला.

सोमवारी दिवेलागणीला ती देवापुढे वात लावून वळली, आणि…

चित्रात सायकल होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

ती जवळ गेली. फराटे. मागे सरकली. सायकल. रिकामी.

तिने हार ओढून काढला.

तेवढ्यात बाहेर घंटी वाजली… ट्रिंग ट्रिंग.

ती खिडकीशी धावली. फाटक बंद. रस्ता मोकळा.

पुन्हा घंटी. मग सायकल स्टँडवर लावल्याचा खट्ट आवाज…

व्हरांड्यात सायकल नव्हती. कुणीच नव्हतं.

तिने नयनाला उचललं आणि दाराला कडी घातली.

"पद्मे, दार उघड."

आवाज त्याचाच. अगदी दाराला लागून. खिडकीतून अख्खं दार दिसत होतं, आणि दारापुढे कुणी नव्हतं.

"पद्मे… उघड ना."

नयना दाराकडे हात पसरून हसली.

पद्मिनी हलली नाही.

तिसरी हाक आली, ती फाटकापलीकडून. मग काहीच नाही.

सातच्या सुमारास दार वाजलं. बाहेर श्रीनिवाससोबत काम करणारा श्यामसुंदर उभा होता.

"भाभीजी… पाँच बजे के करीब… टेबल पर ही…"

पाचला. हाका आल्या तेव्हा पावणेसहा झाले होते.

शैलजाकाकूंनी नंतर चित्र पाहिलं. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. त्यांनाही सायकलच दिसली. आधीचा माणूस कुठे गेला, ते कुणालाच सांगता आलं नाही.

पद्मिनी मात्र एकच विचारत राहते. दार उघडलं असतं तर?



श्रीनिवास गेला तो सोमवार, चोवीस ऑक्टोबर एकोणीसशे सत्त्याहत्तर. वय चौतीस.