दरीतली रेंज

टॉवरवर चढणाऱ्याला लोक सहसा माकड म्हणतात, पण याला सगळे खारोबा म्हणायचे. सरसर वर जायचा, मध्येच थांबायचा, मान वळवून इकडेतिकडे बघायचा, पुन्हा सरसर. जुन्या अँटेना उतरवायच्या, नव्या बसवायच्या आणि ऑफिस सांगेल तेवढ्या झुकवायच्या, हे त्याचं काम. कंपनीने सगळीकडचं नेटवर्क सुधारायला काढलं होतं, त्यामुळे त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

त्या दिवशी पाळी दरीच्या तोंडावरच्या टॉवरची होती. तिथून रस्ता वळणं घेत दरीत उतरतो, एक बुटका पूल लागतो, आणि पुढे पलीकडच्या टोकाला खारोबाचं घर. एवढ्या रस्त्यात रेंजचं नाव नव्हतं. दरीत शिरलं की फोन म्हणजे खिशातला दगड. मध्यंतरी एक ट्रक कठड्याला धडकला आणि ड्रायव्हर मदतीसाठी फोन लावत लावत गेला, तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "अँटेना थेट दरीत झुकवा, आणि खालपर्यंत चालत जाऊन कॉल तुटतो का बघा."

आता या लोकांची एक पद्धत आहे. चाचणीसाठी कुणाला तरी फोन लावावाच लागतो. जित्याजागत्या माणसाला लावला तर तो पहिल्यांदा विचारतो कोण, दुसऱ्यांदा विचारतो काय काम, तिसऱ्यांदा आईबहीण काढतो. म्हणून प्रत्येक टॉवरवाला एखादा मेलेला नंबर बाळगून असतो. नंबर चालू, पण उचलणारं कोणी नाही. रेकॉर्डवरची बाई बोलली की समजायचं, कॉल पोचला. खारोबाकडे असा नंबर होता दादाचा.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, तोही याच कंपनीत केबल टाकायचा. काही वर्षांपूर्वी धुक्याच्या एका संध्याकाळी तो या दरीतून घरी येत होता. दरीत शिरता शिरता त्याने वहिनीला फोन केला, तो अर्ध्यावरच तुटला. रात्र पडता पडता दादा घरी आला, नखशिखान्त भिजलेला. फोन कुठेतरी पडला म्हणाला. त्याला नवा नंबर मिळाला आणि जुना तसाच राहिला. कंपनीचा कारभार, कोण बंद करतंय! खारोबाने तो किती टॉवरांवरून लावला असेल, त्याची मोजदाद नाही. बाई दरवेळी सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. 'बंद आहे' असं मात्र ती कधीच म्हणाली नाही. दरीत पडलेल्या फोनची बॅटरी एवढी वर्षं कशी टिकली, हे या शहाण्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही. रोजच्या गोष्टीकडे कोण बघतो?

त्या संध्याकाळनंतर दादा बदलला होता. आधीचा दादा म्हणजे भडका. आईबाप लवकर गेले, तेव्हा स्वतः अर्धपोटी राहून त्याने धाकट्याला वाढवलं, बोट धरून टॉवरवर चढवलं, हे खरं. पण डोकं फिरलं की समोर कोण आहे ते बघायचा नाही. परतलेला दादा आवाज चढवत नसे, दारूला शिवत नसे, जेवून झालं की स्वतःचं ताट स्वतः उचलायचा. शेजारीपाजारी म्हणाले, मरण बघून आला, शहाणा झाला. खारोबालाही ते पटलं होतं.

तर अँटेना झुकवली, नट आवळले आणि तो दरीत उतरू लागला. दुपार कलली होती, झाडांच्या बुंध्यांशी धुकं साचत होतं. कुजलेल्या पाल्याचा ओला वास सुटला होता. पण फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या! खारोबा स्वतःवरच खूश झाला. त्याने सवयीने तो नंबर लावला आणि बाईची वाट बघत राहिला.

बाई बोललीच नाही. रिंग वाजली.

त्याने फोन कानापासून लांब धरून नंबर पाहिला. बरोबर होता. पुन्हा कानाला लावला, तेवढ्यात पलीकडून कोणीतरी उचलला. आधी नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मग धाप लागलेला श्वास.

"हॅलो... कोण? धाकल्या?"

आवाज दादाचा होता.

"अरे, बोल की! कधीचा फोन लावतोय, लागतच नाही. हिच्याशी बोलता बोलता तुटला बघ. धुकं भयंकर आहे रे... पाय दगडात अडकलाय. अंधार पडायच्या आत ये."

"दादा... तू घरी आहेस ना?" हा कसाबसा म्हणाला.

"घरी असतो तर तुला बोंबलून बोलावलं असतं का, गाढवा? आणि हे घोंघावतंय काय? वारा? वर चढलायस का कुठे? पट्टा लावलास का?"

खारोबा रस्त्यातच मटकन बसला. लहानपणापासून प्रत्येक चढाईला, खालून ओरडून, शिवी हासडून दादा कमरेच्या पट्ट्याचं हे विचारायचा. घरातल्या दादाने इतक्या वर्षांत ते एकदाही विचारलं नव्हतं. आणि आपल्याला त्याची उणीव एकदाही भासली नाही, हे आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो उठला. हाका मारत, कठड्यावरून वाकत त्याने सगळी दरी पालथी घातली. फोन चालूच होता. पुलापाशी आवाज इतका स्वच्छ झाला, की दादा हाताच्या अंतरावर बोलतोय असं वाटावं. पण पुलाखाली पाणी आणि दगड, दुसरं काही नाही. "इथेच आहे रे... तुझी पावलं ऐकू येतायत मला," दादा म्हणत होता. अंधार दाटला तसा खारोबा धावत सुटला, तो थेट घराच्या पायरीवर थांबला.

घरात दिवा होता. दादा खिडकीशी बसून मोडक्या स्टुलाला खिळे ठोकत होता. मान वर करून हसला. "दमलास?" एवढंच म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

खारोबा स्वयंपाकघरात गेला. वहिनी भांडी विसळत होती. त्याने नळ मोठा सोडला आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. वहिनी किंचाळेल, वेड्यात काढेल, असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त हातातली वाटी खाली ठेवली.

"उचलला फोन? काय म्हणाले?"

"वहिनी... तुम्हाला माहीत होतं?"

"बायकोला कळत नाही होय, भावजी?" ती भिंतीकडे बघत म्हणाली. "पहिल्याच रात्री कळलं. दारात उभा राहिला आणि विचारलं, 'आत येऊ का?' तुमच्या दादाने कधी विचारलं होतं?"

"मग हा कोण आहे?"

"मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका."

बाहेर हातोडी थांबली. थोड्या वेळाने ठकठक पुन्हा सुरू झाली, तेव्हा वहिनीने पदर बाजूला करून खांदा दाखवला. जुना, पांढरा पडलेला डाग होता. "सळई तापवली होती त्यांनी त्या दिवशी. तुम्ही घरातच होतात. तुम्ही रेडिओ मोठा केलात, आठवतंय?"

खारोबाने मान खाली घातली. त्याला आठवत होतं.

"ते तुमचे आईबाप होते, मला कबूल आहे," वहिनी म्हणाली. "पण माझे कोण होते ते मला विचारा. त्यांना वर काढाल तर ते इथे येतील. या घरात. मग हा कुठे जाईल, आणि मी कुठे जाऊ? ती तुमची अँटेना होती तशी करा, भावजी. पाया पडते."

"तो मदत मागतोय, वहिनी. तो माझा दादा आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि पुन्हा भांडी विसळू लागली.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. इकडे आड, तिकडे विहीर. सकाळी त्याने दोर घेतला आणि ऑफिसला तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. दादाला शोधायचं, असं त्याचं ठरलं होतं. दुपारपर्यंत तो पुलाखाली गळ्याएवढ्या पाण्यात दगड चाचपत राहिला. फोन लावला की दादा उचलायचा आणि तेच बोलायचा. हिच्याशी बोलता बोलता तुटला. पाय अडकलाय. अंधार पडायच्या आत ये. त्याच्यासाठी ती संध्याकाळ संपलीच नव्हती.

शेवटी खारोबाने विचारलं, "दादा, वहिनीला काय सांगत होतास? फोन तुटला तेव्हा?"

"सांगतोय काय तिला! दार उघडायला उशीर करते, माज आलाय. म्हटलं, आज घरी येऊ दे, मग दाखवतो. तू मध्ये पडू नकोस. तू आपला तो रेडिओ लाव." दादा हसला. मग लगेच हळवा होऊन म्हणाला, "लवकर ये रे राजा... थंडी वाजतेय."

खारोबा पाण्याबाहेर आला आणि भरल्या डोळ्यांनी टॉवरकडे चालू लागला. ऑफिसला न कळवता टॉवरवर चढायचं नसतं, एकट्याने तर नाहीच नाही. पण किल्ली त्याच्याकडे होती. डोक्यावर हेल्मेट, खांद्याला अवजारांची पिशवी, हातात पाना. वर पोचेपर्यंत दरी धुक्याने काठोकाठ भरली होती.

पान्याने पहिला नट सैल केला, तोच खिशातला फोन वाजला. दादाच करत होता. त्याने फोन स्पीकरवर टाकून खांबाच्या खाचेत ठेवला. न उचलण्याइतकं त्याचं काळीज घट्ट नव्हतं.

"धाकल्या, कुठे आहेस? आवाज लांबून येतोय."

"इथेच आहे दादा."

त्याने अँटेना बोटभर वर उचलली. आवाज खरखरला.

"काय करतोयस? अरे, तुटतंय... ऐकू येत नाही..."

"काही नाही दादा. तू पड जरा. विसावा घे."

"वर चढलायस ना? पट्टा... लावलास का रे..."

"लावलाय," खारोबा म्हणाला आणि हुंदका देत त्याने अँटेना पूर्ण वर केली. फोन थोडा खरखरला आणि गप्प झाला. त्याने नट आवळले. मग त्याने तो नंबर पुन्हा लावला. बाई आली. संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. तिचा तो कोरडा आवाज ऐकून त्याला रडूच फुटलं.

उतरला तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. एकट्याने चोरून आलेला, त्यामुळे कंपनीची जीप नव्हती. घरी जायचं तर दरीतून चालत, दुसरा मार्ग नव्हता. पहिल्या वळणापर्यंत टॉवरखालची रेंज जरा मिळते, म्हणून चालता चालता त्याने वहिनीला फोन लावला.

"झालं, वहिनी."

पलीकडे वहिनी रडत होती. "या घरी," ती म्हणाली. "जेवायची थांबलोय आम्ही दोघं. कुठवर आलात?"

"आलोच, वळणावर आहे. वहिनी, ऐका, मी तेव्हा रेडिओ मोठा केला ना, त्याबद्दल मला तुमची..."

फोन तुटला. सवयीने त्याने हात उंच करून काड्या शोधल्या. एकही नव्हती. असणार कशी? त्याने स्वतःच्या हाताने घालवली होती. घरी जाऊन समोरासमोरच बोलू, असं म्हणून त्याने पाय उचलला.

धुकं आता इतकं दाट होतं, की रस्त्याची कडाही दिसेना. तो चालत राहिला. पुलाचं पाणी डावीकडून ऐकू येत होतं. बराच चालला, तरी ते डावीकडेच होतं. त्याने वेग वाढवला. एके ठिकाणी पाय दगडात गेला, त्याने ओढून पाहिला, निघाला नाही.

तेव्हा समोरचं धुकं जरा विरळ झालं. पुढे, हाकेच्या अंतरावर, कोणीतरी घराच्या दिशेने चाललं होतं. सरसर जायचं, मध्येच थांबायचं, मान वळवून इकडेतिकडे बघायचं, पुन्हा सरसर. अंग भिजून निथळत होतं.

"अहो!" खारोबा ओरडला. "अहो, थांबा... पाय अडकलाय माझा!"

तो थांबला नाही. वळणाच्या पलीकडे खारोबाच्या घराच्या दाराची कडी वाजली. वहिनीचा आवाज आला, "आलात का भावजी?" आणि कोणीतरी अगदी खारोबाच्या आवाजात, शांतपणे विचारलं, "आत येऊ का?"

वहिनीचं उत्तर यायला वेळ लागला. दरीच्या तळाशी खारोबा कान देऊन उभा होता.

मग पावलं उंबरा ओलांडून गेली आणि दार लागल्याचा आवाज आला. आतून.