अंगुस्तानाचे दोन ठोके

विश्वास ठेवा, असा आग्रह मी कुणालाच करणार नाही. पण ज्याच्या घरात हे घडलं तो शिंपी माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि खोटं बोलण्याइतकं बोलणंच त्याच्या स्वभावात नाही.

गेल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. बर्फाच्या वादळात विजेचे खांब आडवे झाले आणि सगळी वस्ती अंधारात बुडाली. "उद्या येईल वीज," असं लोक रोज म्हणत.

पुढे पुढे म्हणेनासे झाले.

घरात तीन माणसं. शिंपी, त्याची बायको आणि म्हातारे वडील. शेगडी एकच, पुढच्या खोलीत. म्हणून मागची खोली त्यांनी बंद केली, कडी घातली, आणि ऊब निसटू नये म्हणून दाराखालच्या फटीत जुनी रजई घट्ट कोंबली.

मागची खोली आईची. तिथंच तिचं शिलाई मशीन होतं. त्या हिवाळ्याच्या वर्षभर आधी तिथंच ती गेली.

शेवटची काही वर्षं आईला आवाज नव्हता. घशाच्या ऑपरेशननंतर तो गेला तो गेलाच. मग ती बोटातल्या पितळी अंगुस्तानानं भिंतीवर दोनदा ठोकायची. म्हणजे, 'इकडे या.' अलीकडून शिंपी टेबलावर दोनदा कात्री वाजवायचा. म्हणजे, 'आलोच.'

त्या घरात हाक आणि ओ, दोन्ही अशीच असत.

शिंप्याला धास्ती होती ती वडिलांच्या छातीची. गारठा लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तो मेणबत्तीच्या उजेडात उरलेल्या कापडांचे तुकडे जोडत, थरावर थर देत, त्यांच्यासाठी पांघरूण शिवत बसे.

"बाबा, पाय आत घ्या."

"घेतो रे. इतकं गुंडाळलंयस, की माझा मीच सापडत नाही."

"सापडलात की सांगा, चहा देते," शेगडीपाशी बसलेली सून म्हणाली.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. मेण ओघळतानाही ऐकू यावं, इतकी शांतता...

आणि...

टक्. टक्.

शिंप्याची नजर टाक्यावर होती. हाताला मात्र सवय होती. त्यानं कात्री उचलली आणि टेबलावर दोनदा वाजवली.

मग त्याच्या लक्षात आलं.

मेणबत्तीपलीकडून वडील त्याच्याकडेच बघत होते.

"तुम्हीही ऐकलंत?"

"ऐकलं. पण तू 'आलोच' कशाला म्हणालास, बाळा?"

"चुकून... हात गेला."

वडिलांनी बंद दाराकडे पाहिलं. "तिला वाट बघायला लावलेली कधी खपायची नाही."

"काहीतरीच काय, बाबा! उंदीर असेल."

"उंदीर अंगुस्तान घालतो का रे?"

कुणीच हसलं नाही.

दाराखालच्या रजईचं टोक... हळूहळू आत सरकत होतं. कुणीतरी पलीकडून ओढून घेत असावं, तसं. गार हवेची एक रेघ जमिनीवरून आली आणि मेणबत्तीची ज्योत आडवी झाली.

शिंप्यानं झेप घेतली, रजई मागे खेचली, पुन्हा कोंबली. कपड्यांची पेटी दाराला लावली. वडिलांची खाट शेगडीला भिडवली आणि त्यांचा हात घट्ट धरून बसला. डोळा लागू द्यायचा नाही, असं ठरवून.

त्याला जाग आली ती उजेडानं.

दिवे लागले होते. गल्लीत लोक ओरडत होते, टाळ्या पिटत होते.

खाट रिकामी होती.

पेटी जागच्या जागी. कडी घातलेली. रजई कोंबलेली... अलीकडच्या बाजूनं.

त्यानं दार उघडलं. मशीनवरचा दिवा जळत होता. त्याखाली खुर्चीत वडील बसले होते. अंगावर पांघरूण नव्हतं. समोर दुसरी खुर्ची होती, अगदी जवळ ओढून घेतलेली.

त्यांचे हात बर्फासारखे होते.

"कडी मी नाही घातली हो," बायको रडत म्हणाली. "मी जागची हललेसुद्धा नाही."

डॉक्टर म्हणाले, गारठा. बाकीचे प्रश्न त्यांना कुणी विचारले नाहीत.

यंदा वीज पुन्हा गेली आहे. शिंप्यानं कात्री फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली. आता पुढच्या खोलीत दोघंच असतात.

परवा, दिवस मावळताना...

टक्. टक्.

त्यानं दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. श्वाससुद्धा घेतला नाही. ओ द्यायची नाही. काही झालं तरी नाही.

त्याच्या पाठीमागे बायको भांडं ढवळत होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं. तिनं डाव बाहेर काढला आणि चिकटलेलं झटकायला, रोजच्या सवयीनं, भांड्याच्या काठावर आपटला.

दोनदा.

"काय झालं? असे काय बघताय?"

दाराखालची रजई हलली होती.

तेव्हापासून निजताना तो आपल्या सदऱ्याची बाही तिच्या बाहीला शिवून टाकतो. दुहेरी दोऱ्यानं, बारीक टाके घालून. सकाळी उठला की आधी टाके तपासतो.

वीज अजून आलेली नाही.

काल त्यातले काही टाके सुटलेले होते. दोरा तुटला नव्हता...

जाणत्या हातानं, सावकाश, उसवला होता.