बाबांनी भरलेली हवा

राखण्या नावाचा यंत्रमानव चांगला एकशे ऐंशी किलोचा होता. तरी तो पुळणीवरून (समुद्रकाठच्या वाळूवरून) गेला, तर मागे जेमतेम ठसा उमटे. आणि अठ्ठेचाळीस किलोची होडी वाहणारा आईचा चाकगाडा मात्र दहा पावलांतच रुतून बसला होता. असं कसं? अबोलीला काही केल्या उलगडा होईना, आणि मदतीला धावायची तर सोयच नव्हती.

कारण उंडीवाडीचा नियम कडक. कयाक (एकट्याने वल्हवायची अरुंद होडी) घेऊन मासेमारीला जाणाऱ्याने ती एकट्यानेच पाण्यापर्यंत न्यायची. आत समुद्रात हात द्यायला कोण असतं? मागच्या वादळात दुसऱ्यांना सोडवायला मोठ्या होडीतून गेलेले अबोलीचे बाबा परत आले नाहीत. त्यांची कयाक आणि चाकगाडा तेवढा घरी राहिला. आज आईची परीक्षा होती. जमलं तर बाबांचा परवाना आईच्या नावावर होणार होता, नाहीतर त्यांच्या घरातली मासेमारी संपली.

"हेमांगी, भरती उतराक लागली," मच्छीमार सोसायटीचे नारायणकाका म्हणाले. "पाणी मागे जायच्या आत बघ, बाये."

आईने पुन्हा जोर लावला. चाकं आणखी खोल गेली, होडी पुढे घसरली आणि गाडा मागेच राहिला. आई मटकन खाली बसली.

तेवढ्यात कासवांची घरटी मोजत राखण्या आला. कासवांची अंडी सांभाळणारा हा यंत्रमानव चार फुगीर चाकांवर चाले.

"राखण्या, तू का रुतत नाहीस?" अबोलीने विचारलं.

"वाळूत एक बोट दाब," राखण्या म्हणाला. बोट खचकन आत गेलं. "आता तेवढ्याच जोराने अख्खा तळवा." तळवा वरच राहिला.

"जोर तोच, पण जागा मोठी. म्हणून दाब कमी. दाब म्हणजे एवढ्याशा जागेवर पडणारा भार." त्याने नखाएवढा चौकोन आखला, एक चौरस सेंटिमीटरचा. "आईच्या गाड्याची चाकं टणक आहेत. दोन्ही मिळून साठच चौकोनांवर टेकतात. अठ्ठेचाळीस किलो साठांत वाटले, तर एकेका चौकोनावर आठशे ग्रॅम. हवा कमी केली की चाक पसरेल आणि दोनशे चाळीस चौकोनांवर टेकेल. मग?"

अबोलीने बोटांवर हिशेब केला. "दोनशे ग्रॅम! चौथा हिस्सा!"

"माझ्या चाकांखालच्या वाळूत अंडी असतात. त्यामुळे मला हलकंच टेकावं लागतं," राखण्या म्हणाला.

हात लावायला बंदी होती, सांगायला नव्हती. अबोली आईकडे धावली.

"आये, हवा काढ!"

आईने चाकावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. या नव्या रबरातून वर्ष वर्ष हवा झिरपत नसे.

"ती हवा तुज्या बापाशीन भरलली," ती हळूच म्हणाली. "वादळाच्या आदल्या दिवशी. मी ती काढूचंय नाय."

बाबांचं काही चुकलं होतं असं तर अबोलीला म्हणायचंच नव्हतं. तिने वाळूकडे पाहिलं आणि तिला आठवलं, वादळाआधी इथे सिमेंटचा उतार होता. कठीण जमिनीवर टणक चाकच पळतं. तो उतार त्याच वादळाने नेला होता.

"आये, बाबानी चूक नाय केल्यानी," ती म्हणाली. "तेंका सिमेंटाचो उतार होतो. आपणाक पुळण आसा. आज ते असते, तर तेंनीच हवा काढली असती."

आईने चाकाची झडप (हवा भरायचं तोंड) दाबली. हवा फुस्स करून बाहेर आली. तिने तळवा पुढे धरला आणि चाक पुरेसं पसरेपर्यंत तसाच धरून ठेवला. दुसऱ्या चाकाचीही तिने तशीच सोडली. नारायणकाकांनी तोंड फिरवलं.

"आता गाडा होडीच्या गुरुत्वमध्याखाली घ्या," राखण्या म्हणाला. "म्हणजे जिथे दोन्ही बाजू तोलून राहतात तिथे. हातावर भार येणार नाही. आणि पट्टा आडवा नको, फुलीसारखा बांधा. आडवा पट्टा होडीला नुसता खाली दाबतो. तिरपा पट्टा पुढे-मागेही ओढून धरतो, मग ती घसरत नाही."

आईने सगळं एकटीने केलं. गाडा निघाला. या वेळी चाकं वाळूवर बशीसारखी पसरली आणि मागे फक्त एक पुसट पट्टा उमटत गेला. लाटा होडीच्या पोटाला लागल्या. आईने पट्टा सोडला, गाडा कोरड्यात ठेवला आणि मागे न बघता वल्हं मारलं. अबोलीला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

दुपारी आई तशीच एकटी गाडा ओढत परत आली. नारायणकाकांनी परवान्यावर तिचं नाव लिहिलं. घरी आल्यावर तिने खुंटीवरचा बाबांचा पंप काढून अबोलीच्या हातात दिला.

"सोसायटी परत उतार बांधतली," ती म्हणाली. "तेव्हा चाका टणक करूची लागतली. तेव्हा हवा तू भर."