डब्यातलं आठवं पान

माझा धंदा प्रश्न विचारण्याचा. लोकांची पुस्तकं छापायला जाण्याआधी मी घरी बसून तपासते आणि शनिवारी दुपारी लेखनाची शिकवणी घेते. दोन्हीकडे काम एकच. लाल पेन्सिल घ्यायची आणि समासात लिहायचं : कोण? कुठे? कशावरून? माझा शब्द एकही घालायचा नाही. लिहिणाऱ्याला उत्तर आयतं दिलं की तो आळशी होतो, प्रश्न टोचत राहिला की नेमकं लिहू लागतो.

ही शिकवण बाबांची. एका छापखान्यात त्यांनी एकेचाळीस वर्षं मुद्रितं तपासली. तिथे एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, अशी पद्धत होती. वाचणारा विरामचिन्हंही उच्चारायचा. बाबांच्या जिभेवरून ती सवय कधी गेलीच नाही. औषधाची चिठ्ठीसुद्धा ते "जेवणानंतर स्वल्पविराम कोमट पाण्याबरोबर पूर्णविराम" अशी वाचतात. आता डोळे अधू झालेत. पितळी कडीचं जाड भिंग नाकाला टेकवल्याशिवाय त्यांना अक्षर लागत नाही. तरी घरात छापील कागद दिसला आणि बाबांनी त्यावर पेन्सिल टेकवली नाही, असं होत नाही. विजेचं बिलही सुटत नाही. आई म्हणायची, "यांना स्वर्गाच्या दाराशी नेलं तरी आधी पाटीतली चूक काढतील." आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी बाहेर असले की ते एकटे असतात आणि दार वाजलं की तेच उघडतात.

शिकवणी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरते. लोखंडी कपाटं, डुगडुगणारं टेबल आणि सात विद्यार्थी. त्यांत दातांची एक डॉक्टर आहे, एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत आणि ज्याला आम्ही पाठीमागे महाकवी म्हणतो तो एक आहे. टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा असतो. प्रत्येकाने नाव न घालता एक छापील पान त्यात टाकायचं. मी ती घरी नेते, प्रश्न लिहिते आणि पुढच्या शनिवारी टेबलावर मांडते. ज्याने त्याने आपापलं उचलावं. नाव नसलं की माणसं खरं लिहितात.

एका शनिवारी डब्यात आठ पानं निघाली.

आठव्या पानावर दोनच ओळी होत्या. एक माणूस चालतो आहे. त्याला एका घरी जायचं आहे. कोणीतरी हौसेने दोन पानं टाकली असतील, असं मी धरून चालले. समासात लिहिलं, "कोणतं घर? कुठल्या रस्त्याने?" पुढच्या शनिवारी ते पान कोणी उचलताना मला दिसलं नाही. पण वर्ग संपला तेव्हा टेबल मोकळं होतं आणि डब्यात पुन्हा आठ पानं होती.

या वेळचं लिखाण मला फार आवडलं, हे कबूल करते. रस्त्यावरचं कुलपं बनवणाऱ्याचं दुकान, त्यापुढचा अरुंद जिना, सोळा पायऱ्या, अकरावीचा कोपरा उडालेला. आमच्याही जिन्याची एक पायरी तशीच आहे, हे मनात येऊन गेलं. पण पायऱ्या काय, कुठेही तुटतात. वर्गात इतकं नेमकं कोणीच लिहीत नव्हतं. मी खूश होऊन लिहिलं, "छान. आता दार दाखवा. दार कसं आहे?"

तिसऱ्या शनिवारी मी ते पान घरी पोहोचेपर्यंतही थांबले नाही, खोलीतच वाचलं. दार हिरवं होतं. घंटी बिघडलेली, तिच्याखाली चिकटवलेल्या कागदावर लाल पेन्सिलीने लिहिलेलं, "घंटी बंद आहे. दार वाजवावे."

तो कागद बाबांनी गेल्या वर्षी चिकटवला होता.

"हे कोणाचं पान?" मी विचारलं. आवाज ताळ्यावर ठेवायचा प्रयत्न केला.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"माझं असतं तर मी कबूल केलं असतं, मॅडम," महाकवी म्हणाला. कोणी हसलं नाही.

डॉक्टरने पान हातात घेतलं आणि लगेच टेबलावर ठेवलं. "आमच्यापैकी कोणीच तुमच्या घरी आलेलं नाही," ती म्हणाली. मी माझ्या घराचा उल्लेखही केला नव्हता. पण माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असावं.

पानाची शेवटची ओळ अशी होती : तो दारापुढे उभा आहे.

ही वाट मीच काढून दिली होती. मी विचारत गेले आणि तो पुढे येत गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या आठवड्यात मी पेन्सिल हातात घेतली नाही. दुसऱ्याचं लिखाण फाडायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम, म्हणून पान फाइलच्या तळाशी घातलं आणि फाइल घरच्या कपाटात ठेवली. बाहेर पडताना बाबांना सांगितलं, "मी नसताना कोणालाही दार उघडू नका."

"का गं? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"चोऱ्या होताहेत."

खरं सांगायची मला लाज वाटली. तेव्हा सांगितलं असतं तर, हा विचार आता माझी पाठ सोडत नाही.

चौथ्या शनिवारी डब्यात सातच पानं होती. माझ्या जिवात जीव आला. विचारलं नाही तर तो हलत नाही, एवढं मला पुरे होतं.

गुरुवारी बाबांच्या भिंगाची कडी निसटली आणि काच बाहेर आली. मी ते चष्म्याच्या दुकानात टाकलं. दोन दिवस बाबा चिडचिड करत बसून होते. "घड्याळ दिसत नाही, तिथे पान काय दिसणार?" म्हणाले. शनिवारी वर्गाला जाताना मी दुरुस्त झालेलं भिंग घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं.

वर्गात पानं मांडायला फाइल उघडली. सात पानांखाली ते जुनं पान होतं. समासात लाल पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "पुढे? दार कोण उघडतं?"

भिंग मोडण्याआधी कधीतरी बाबांनी कपाट उघडलं होतं.

मी डबा पालथा केला. आठ पानं पडली. आठव्यावर एकच ओळ होती.

दार म्हाताऱ्याने उघडलं.

घरी फोन लावला. वाजत राहिला. वर्गाला काय सांगितलं, आठवत नाही. रिक्षात बसून मी एकसारखा फोन लावत होते. सोळा पायऱ्या चढताना अकरावीवर ठेच लागली.

दार लोटलेलं होतं.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. हातात एक पान होतं.

"आलीस? तुझा विद्यार्थी हे ठेवून गेला," ते म्हणाले.

"कोण विद्यार्थी?"

"ऐक तर." त्यांनी पान समोर धरलं आणि वाचू लागले. म्हाताऱ्याने दार उघडलं. पाहुणा आत आला. कुठे बसायचं ते त्याला विचारावं लागलं नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो मुलीची वाट पाहू लागला.

आवाज बाबांचाच होता. कुठे अडखळले नाहीत. मध्ये एकही स्वल्पविराम म्हणाले नाहीत.

पान त्यांनी हातभर लांब धरलं होतं.

मला विचारायचं होतं, बाबा कुठे आहेत. आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न विचारायची भीती वाटली.

मी पर्समधून भिंग काढलं आणि पुढे केलं. "दुरुस्त होऊन आलं," एवढंच म्हणाले.

त्यांनी ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि पाहुण्याची विसरलेली वस्तू ठेवावी तसं दाराजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवलं.